अकरावा

कुपीवर छापलंय दहा.
खरं कल्लव्वाचा हात हलका,
कुपी उलटी धरून, सुई बुचाशी टेकवून
ती थेंब न थेंब ओढते,
लोण्याच्या गाडग्यात शेवटचं बोट फिरवावं तशी,
आणि एखाद्या दिवशी
अकरावा निघतो.

दहांची यादी माझ्याकडं असते.
नावं लोक मराठीत सांगतात, मी कन्नडात लिहिते,
बेंगळूरला पोचेपर्यंत
मोरबाळेचं काय होत असेल ते देव जाणे.
इकडं लस, तिकडं लसिके.
दंड दोन्हींनी सारखाच दुखतो.

निपाणीतली मराठी शाळा, सातवी ब चा वर्ग.
फळ्यावर मागल्या मार्चचा सुविचार तसाच,
बाहेर चुन्याचे गोल, गोलांत चपला.
माणसं चिंचेखाली सावलीला,
चपला रांगेत.

निळी, अंगठा तारेनं बांधलेली, ती शालन मोरबाळेची.
आधारवर वय चव्वेचाळीस.
थोरली लेक पस्तिशीची.
मी म्हटलं, शालनक्का, नवव्या वर्षी बाळंत झालीस काय गं?
हसली, मग खोकली,
बराच वेळ खोकली.
रोज हजार विड्या वळते,
तंबाखूची धूळ ओढ्यात नाही, तिच्या छातीत जाते.
पंचेचाळीस लागतात, म्हटलं.
एका वर्षानं हुकलीस.

यादीत नसलेले माझ्या डोक्यात
रात्री येऊन रांग लावतात:
मसणवट्यात लाकडं रचणारा यल्लाप्पा, एकोणचाळीस,
मंडईत तोंडासमोर तोंड आणून कांदे तोलणारा रियाज,
आणि कोगनोळी नाक्यापलीकडं माझी आई,
जिचं नाव दुसऱ्या सरकारच्या वहीत.
नाक्यावर तिच्या नातवाला थांबवतात,
वाऱ्याला कोण रिपोर्ट विचारत नाही.

त्या दिवशी कुपी फोडली बारा पंचविसाला.
चार तास. पुढं ती पाणी.
चारला दहावा संपला,
आणि कल्लव्वा सुई उजेडात धरून म्हणाली,
अक्का, अजून एक आहे बघ.

तेवढ्यात फोन.
मेंबर म्हणाले, उरला तर बाजूला ठेवा,
पाव्हणे निघालेत कोल्हापुरातून.
मी म्हटलं, साहेब, हे पोळीचं पुरण नाही.
नाही, असं म्हटलं नाही.
म्हटलं, बघते.

शालनकडं पोरगं पळवलं.
ती कारखान्यात, माल मोजून द्यायला गेलेली,
छाटात किती विड्या काढतात ते बघत उभी असेल.
यल्लाप्पाचा फोन बंद.
दोन चिता पेटलेल्या असल्या की तो उचलत नाही.
रियाजला सांगितलं, म्हणाला, गिऱ्हाईक आहे, उद्या येतो.
उद्या.

चार वाजून सोळा मिनिटांनी दारात मेंबरांचा ड्रायव्हर,
बसगोंडा, चौतीस वर्षांचा,
सांगायला आला की पाव्हणे नाक्यावर अडकलेत, रिपोर्ट नाही,
अर्धा तास थांबा म्हणालेत.
मी त्याच्या हाताकडं बघितलं.
सिलिंडरच्या गंजानं तांबडे झालेले तळवे.
आठ दिवस त्याच गाडीतनं, मागची सीट काढून,
मिरज, चिकोडी, परत मिरज,
एकदा येताना सिलिंडर नाही, माणूस.
हे मेंबरांना माहीत होतं का, मी विचारलं नाही.

बस, म्हटलं.
मी यादीत नाही अक्का.
अकरावा यादीत नसतोच.
साहेब चिडतील.
बाही वर कर.

हा न्याय होता असं मी म्हणत नाही.
दार जवळ होतं, घड्याळ समोर होतं,
तो उभा होता.
कल्लव्वानं कापूस दाबला
आणि तो शाळेतल्या पोरासारखा
भिंतीकडं तोंड करून बसला.

पुढच्या बुधवारी शालन आली,
आधार दुरुस्त करून आणलं होतं,
दोनशे रुपये आणि दोन दिवसांची मजुरी घालून.
आता सत्तावन्न.
कुलपावर कागद लावलेला: साठा नाही.
तिला कन्नड वाचता येत नाही.
तिनं निळी चप्पल पहिल्या गोलात ठेवली
आणि चिंचेखाली जाऊन बसली.

मी खिडकीतनं बघत होते.
वाचून दाखवायला बाहेर जायला
मला बराच वेळ लागला.